रंगूबाई तुरुंगात निघाली

चुरमुऱ्याची भट्टी चालवणारी रंगूबाई कुणाच्या बापाला भ्यायची नाही, असं सगळा गाव सांगायचा. गावाचं काय, गाव सांगतोच! एका गोष्टीला मात्र ती चळाचळा कापायची. पोलिसानं दंडाला धरून आपल्याला तासगावच्या भर बाजारातनं नेलं तर? तिथल्या निम्म्या दुकानांत तिचे चुरमुरे जायचे. त्या लोकांच्या डोळ्यांदेखत? त्यापेक्षा मेलेलं बरं!

हे भूत तिच्या मानगुटीवर बसवलं होतं तात्याबा आडत्यानं. रंगूबाईचा भाऊ ज्ञानू ट्रकात भागी करतो म्हणून तात्याबाकडनं रक्कम उचलून बसला. ट्रक घाटात दरीत गेला, ज्ञानू कुठं गेला ते देवाला ठाऊक, आणि जामीन म्हणून कागदावर अंगठा होता रंगूबाईचा. भावासाठी बहीण अंगठा देणार नाही तर काय शेजारीण देणार? तात्याबानं दावा लावला, कोर्टाचा हुकूमनामा मिळवला आणि दर बाजारी तिच्या चुरमुऱ्याच्या पाटीसमोर उभा राहून त्याचं सुरू झालं, "रंगूबाई, पैसे टाक. न्हाईतर तुरुंगात धाडतो बघ. खडी फोडशील, खडी!" मेल्याच्या जिभेला काही हाड?

ती कमवायची ते तांदूळ, सरपण आणि पोटातच जायचं. एकदम एवढी रक्कम आणणार कुठनं? चौऱ्याहत्तर सालचा शिमगा झाला आणि तिनं ठरवूनच टाकलं. "धरून न्यायची वाट कशाला बघू? माझ्या पायानं जाते. आपल्या पायानं निघालेल्या मानसाला कोन दंडाला धरतंय?"

लागली की तयारीला! कोंबड्या वाटून टाकल्या. स्वतः विधवा बाई, मागं ना पोर ना बाळ, म्हणून भट्टी शेजारच्या साळूबाईला शिकवली. वाळू किती तापवायची, तांदूळ कवा टाकायचे, चाळण कशी मारायची. साळूबाई चुरमुरे करपवायची आणि वर रडायची.

"रडू नगं गं. वाळू हलीव आदी," रंगूबाई म्हणायची.

निघायच्या दिवशी अख्खी आळी एसटीपर्यंत पोचवायला आली. कुणी दशम्या बांधल्या, कुणी शेंगदाण्याची चटणी दिली, तुरुंगात लय गारठा असतोय म्हणून एकीनं घोंगडं दिलं. लेक सासरी निघाली तरी एवढी रडारड होत नाही. कंडक्टरनं विचारलं, "मावशी, देवाला निघाला व्हय?"

"तुरुंगात," रंगूबाई म्हणाली. "एक तासगाव दे."

कोर्टाच्या दारात पट्टेवाल्यानं अडवलं, तसं तिनं गाठोडं खाली आपटलं. "आत घ्या मला! तात्याबाचं देनं माझ्यानं एका दमात फिटत न्हाई. कुठं हाय तुमचा तुरुंग?"

गलका ऐकून जोतीराम वकील बाहेर आले. त्यांनी तिला बाकावर बसवलं, सगळं ऐकून घेतलं आणि हसायलाच लागले. "आत्या, तुम्हाला कोण तुरुंगात घालणार? पैशाच्या देण्यापायी बाईला तुरुंगात टाकता येत नाही. कायदाच आहे तसा, इंग्रजाच्या काळापासनं."

रंगूबाईनं आ वासला. मग भडकलीच. "का म्हनून? बाईचं देनं काय देनं न्हवं? आवं, आख्खी आळी रडून बसलीया तिकडं, आता कुठल्या तोंडानं माघारी जाऊ?"

"देणं आहेच, तुरुंग नाही."

"मग भट्टीची कढई उचलून न्हेईल त्यो."

"नाही नेता येत. कारागीर ज्या हत्यारावर पोट भरतो त्याची जप्ती होत नाही. जेवणाची भांडी, अंथरूण, अंगावरचं कापड, त्यालाही हात लावायचा नाही. बाकी काही डबोलं असेल तर ते नेईल. आहे का?"

"हाय की. दशम्या."

वकील हसले, पट्टेवाला हसला, रंगूबाईही पोट धरून हसली आणि हसता हसता रडली. वर्षभर डोळ्याला डोळा नव्हता तिचा. मग पदरानं तोंड पुसून तिनं विचारलं, "हे तात्याबाला ठावं आसंल?"

"दावा जिंकलेल्या माणसाला ठाऊक नसेल होय?"

झालं! तिथनं ती तडक तात्याबाच्या आडतीत गेली आणि गुळाच्या ढेपांशेजारी मांडी ठोकून बसली. दुकानात माणसं होती. तिला तीच पाहिजे होती.

"तात्याबा, तुमास्नी मला तुरुंगात धाडता येत न्हाई. कढईला हात लावता येत न्हाई. कोर्टात ऐकून आले."

तात्याबाचं तोंड एवढंसं झालं. पैसे गेले, असंच धरलं त्यानं. "म्हंजे बुडवनार म्हन की."

रंगूबाईनं कमरेची पिशवी सोडली, होती ती चिल्लर त्याच्यापुढं ठेवली. "दर बाजारी जमंल तसं दीन. आजपासनं."

तात्याबानं चिल्लरीकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं. "आन न्हाई दिलंस तर?"

"तर तुमी काय करनार?"

तात्याबानं चिल्लर बोटानं सारखी केली. "काय न्हाई," म्हणाला.

"तरीबी दीन. पोलिसाच्या भ्यानं दिलं असतं तर तुमी वसूल केलं असतं. आता मी फेडतीया. पावती द्या."