मान वळवणारा माणूस

वसमतच्या बसस्थानकाजवळ मोबाइल दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. गिऱ्हाईक पिन टाकू लागलं की तो मान वळवून रस्त्याकडे बघायचा. काम झाल्यावर "आता पिन बदला" म्हणायचा आणि पुन्हा मान वळवायचा.

लगीनसराईत व्हॉट्सॲपवर आलेली एक लग्नपत्रिका मी उघडली. ती पत्रिका नव्हतीच, फोन ताब्यात घेणारी फसवी फाइल होती. माझ्या फोनवरून ती माझ्याच नावानं सगळ्यांना जाऊ लागली, तेव्हा भरदुपारी मी त्याच्याकडे धावलो. त्यानं माझा फोन बंद केला आणि स्वतःचा पुढे धरला.

"आधी घरच्यायला सांगा, उघडू नका म्हनून. तुमचं नाव बघून उघडतेत लोक."

"नंबर पाठ नाहीत," मी म्हणालो. खोटं बोललो. कुरुंदा गावातल्या माझ्या बहिणीचा नंबर मला तोंडपाठ होता. पण असल्या फसवणुकीबद्दल तिला मीच सारखा बजावत असे. आता कुठल्या तोंडानं सांगणार?

"बघा, तकलीफ त्यायलाच होईल," तो थकल्या आवाजात म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बहिणीला घेऊन मी पुन्हा त्याच्या टपरीसमोर उभा होतो. हळद विकून आलेले तिचे पैसे खात्यातून गेले होते. काल मी एक फोन केला असता तर वाचले असते.

"कवा उघडली, ताई?"

"काल सांजच्याला. भावानं धाडलेली पत्रिका, उघडायची न्हाई व्हय?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग मी पिन टाकत असल्यासारखी मान वळवून तो रस्त्याकडे बघत राहिला.