शुक्रवारचे मुके पिक्चर

पिक्चर सुरू झाला की सगळी माणसं पडद्याकडे बघत आणि बाळाराम तात्या माणसांकडे. पडद्याच्या कडेला, हात मागे बांधून ते उभे राहत. तिकडे एखादा टोपीवाला ओल्या रंगाच्या बाकावर ऐटीत बसला तरी तात्या मान वळवायचे नाहीत. पुढच्या रांगेतले गाल हलायला लागले की त्यांना कळायचं, बसला एकदाचा.

"तुम्हाला बघावंसं वाटत नाही?" मी पहिल्याच भेटीत विचारलं होतं.

"पिच्चर मना पाठ हाय, गुरुजी. मानसं पाठ न्हाय व्हत."

मी भिवंडीजवळच्या शेलार गावात शाळेत शिक्षक. तात्याही शेलारचेच. मिसरूड फुटायच्या आधी ते भिवंडीत कापड विणायच्या लूमवर लागले, पुढे जॉबर झाले, म्हणजे बिघडलेला लूम ताळ्यावर आणणारे मिस्त्री, आणि उतारवयात त्यांनी बारा लूमचा स्वतःचा कारखाना थाटला. शुक्रवारी लूमला सुट्टी. त्या दिवशी संध्याकाळी पाचला कारखान्याच्या खिडक्यांना पोती लागत, तिथंच विणलेलं कोरं कापड भिंतीवर ताणलं जाई आणि मंडपवाल्या भाच्याच्या प्रोजेक्टरवर दहा-पंधरा मिनिटांचे जुने, काळे-पांढरे, मुके विनोदी पिक्चर सुरू होत. पडणं, आपटणं, धावणं, शिडी खांद्यावर घेऊन वळणं आणि चार जणांना आडवं करणं. कथा म्हणाल तर एवढीच.

मला तो सगळा पोरखेळ वाटायचा. मी मराठी शिकवतो, त्यामुळे माणसाला हसायलाही शब्द लागतात अशी माझी ठाम समजूत होती. एकदा न राहवून मी पिक्चरआधी उभा राहिलो आणि 'विनोद आणि कारुण्य' यावर बोलायला लागलो. पाचव्या मिनिटाला तात्यांनी माझा खांदा दाबून मला खुर्चीत बसवलं. "गुरुजी, तो बिचारा पराचा थांबलाय तुमच्यासाठी." पडण्याला ते परणं म्हणत, आमच्याकडे गावाची बोलीच तशी. त्या दिवशी माझ्या भाषणापेक्षा त्या एका वाक्याला जास्त हशा मिळाला, हे मी आजही विसरलेलो नाही.

लूमवरची मंडळी मात्र सुरुवातीला हसत नव्हती. हे तात्यांना फार लागलं. प्रोजेक्टर चांगला, पिक्चर चांगला, आणि समोर पंचवीस माणसं गंभीर चेहऱ्याने बसलेली. दोघे तर झोपलेले. लॅपटॉपमधली पियानोची धून लावून बघितली, जांभया वाढल्या. मग तिसऱ्या शुक्रवारी जॉबरच्या डोक्यात प्रकाश पडला. ही माणसं त्या छपराखाली कधी शांततेत बसलीच नव्हती, त्यांना तिथं सुनंसुनं वाटत होतं. तात्यांनी कोपऱ्यातला एक लूम रिकामाच चालू केला. खटाखट, खटाखट. आणि पडद्यावरची शिडी वळली तसा आझमगडचा इद्रिस जो हसायला लागला तो खुर्चीवरून खाली आला.

तेव्हापासून तो लूम हेच आमचं पार्श्वसंगीत झालं. त्या खडखडाटात बोलणं शक्यच नसे, म्हणून लोक लूमवर बोलतात तसे हातांनी बोलत. कात्रीसारखी दोन बोटं, म्हणजे धागा तुटला. मनगट फिरवलं, म्हणजे बंद कर. इद्रिस दर वेळी दोन्ही हातांनी शिडी धरल्याचा अभिनय करी, म्हणजे 'वही वाली लगाओ, सीढ़ी वाली'. तीच शिडी मी सत्तर वेळा तरी पाहिली असेन. एकदा तात्यांना म्हटलं, पुढं काय होणार हे माहीत असताना लोक हसतात कसे? ते म्हणाले, "आपल्याला म्हाईत हाय, शिरी लागनार. एकट्या त्यालाच म्हाईत न्हाय. आपुन वरडून सांगू तरी त्याला ऐकू जानार हाय काय? म्हनून हसाचा." माझ्या 'विनोद आणि कारुण्य'मध्ये एवढं नव्हतं.

आता तात्यांच्या खऱ्या दुःखाबद्दल लिहितो. त्यांचे थोरले भाऊ काशिनाथ दादा त्यांच्याशी नऊ वर्षं बोलत नव्हते. दापोड्याचं वडिलोपार्जित शेत गोदामासाठी गेलं, दादांचा त्याला विरोध होता आणि तात्यांनी सही केली. त्या दिवसापासून अबोला. आमच्याकडे अबोला धरणं हे व्रत धरण्यासारखं असतं. एका अंगणात राहायचं, एकमेकांच्या घरच्या लग्नात जेवायचं, तब्येतीची चौकशी तिसऱ्याकडून करायची, पण शब्द नाही. जो आधी बोलला तो हरला. "हरलेला मना चालंल," तात्या म्हणायचे. "मी धा वेला बोललो. तो भिंतीसारका बगतंय. एकदा त्याच्या तोंडून 'बाल्या' ऐकलं की मी मराला मोकला."

लूमचा खडखडाट सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी एका शुक्रवारी दादा आले. मी चाट पडलो, मग उलगडा झाला. जिथं कुणीच कुणाशी बोलू शकत नाही, तिथं भावाकडे जाण्यात अबोला मोडत नव्हता. दादा स्वतः पंधरा वर्षं लूमवर राबलेले, त्यांना आवाजाचं वावडं नव्हतं. त्यांनी चालू लूमला अगदी खेटून असलेली खुर्ची धरली, जिथं एरवी कुणी बसत नसे. शेजारची खुर्ची रिकामी. इद्रिस खुर्चीवरून पडला तरी यांच्या मिशीआड हसू दिसत नसे. मला वाटलं, म्हातारा रुसवा धरून कोपऱ्यात बसतो.

जवळजवळ दहा महिने हे चाललं. दादा यायचे, बसायचे, जायचे. तात्या पडद्याच्या कडेला उभे ते उभेच. त्यांचे गुडघे दुखायचे, मी खुर्ची पुढे करायचो, ते हातानेच नको म्हणायचे.

मग एका शुक्रवारी पिक्चर ऐन रंगात आला असताना वीज गेली. पडदा गेला, आणि लूम एकाएकी थांबला. त्या अचानक पडलेल्या शांततेत कोपऱ्यातून खणखणीत आवाज आला, "बाल्या, गुरगं दुकतान तुजं, बस ना रं हितं!"

पंचवीस माणसं आवाजाच्या दिशेने वळली. पोत्यांच्या फटींतून आलेल्या उजेडात दिसलं, दादांचा हात शेजारच्या खुर्चीवर तसाच राहिला होता. तोंड उघडं. लूमच्या आडोशाने ओरडायची सवय झालेल्या माणसाला लूम थांबल्याचं कळलंच नव्हतं. कुणी हसलं नाही. तात्या हळूहळू चालत गेले आणि दादांच्या शेजारी बसले. वीज येईपर्यंत दोघे समोरच्या कोऱ्या कापडाकडे बघत होते. माझे डोळे भरून आले, ते लपवायला जागाही मिळाली नाही, कारण तेवढ्यात वीज आली.

त्यानंतर तात्यांनी कधी उभ्याने पिक्चर दाखवला नाही. बसायचे, ते दादांच्या शेजारी. दोघे बोलायलाही लागले, म्हणजे भांडायला लागले. शेत, सही, गोदाम, नऊ वर्षांचं सगळं साचलेलं. तात्या इतके सुखी मी कधी पाहिले नव्हते. एकदा चहा पिताना मी त्यांना म्हटलं, वीज गेली म्हणून बरं, नाहीतर तुम्हाला कधी कळलंच नसतं. तात्या बशीतून वर बघत डोळे मिचकावून म्हणाले, "लूमवाल्याला ओठ वाचता येत न्हाय काय, गुरुजी? पयल्या शुक्रवारपासून म्हाईत होतं, मना बस बोलतंय."

"अहो, मग बसला का नाहीत?"

"बसलो आसतो तं पुन्ना बोलला नसता. पिच्चर सुरू झाला की 'बाल्या' बोलाचा. मी उबा, तवर त्यो बोलतंय."

असे सहा शुक्रवार दोघे शेजारी बसले. सातव्याच्या आदल्या दुपारी तात्या जेवून पडले ते उठले नाहीत. मी मनातून त्यांच्यावर रागावलो होतो. दहा महिने फुकट उभा राहिला हा माणूस, तेवढे शुक्रवार शेजारी बसला असता.

तेराव्याला पंगत उठल्यावर दादा एकटेच ओट्यावर बसले होते. बारा दिवसांत त्यांच्या तोंडून शब्द नव्हता, डोळ्यातून पाणी नव्हतं. घरचे घाबरले होते. सांगावं की नाही, याचा मी बराच विचार केला आणि शेवटी सांगून टाकलं. तात्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ते मुद्दाम उभे राहत होते.

दादांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "म्हंजे मी घसा फारून वरडत होतो, आनि ह्यो समोर उबा राहून बगत होता?"

"हो."

"धा मयने?"

"हो, दादा."

त्यांची मिशी आधी एका बाजूने थरथरली. मग दादा हसायला लागले. ओट्याचा खांब धरून, पोट धरून, दम लागेपर्यंत हसले. आतून बायका धावत आल्या, "काय जालं, काय जालं?" दादांना सांगता येईना. त्यांनी नुसतं बोट समोरच्या मोकळ्या जागेकडे केलं, जणू तात्या तिथं हात मागे बांधून उभे होते, आणि हसता हसताच ते रडायला लागले.