पीटरच्या नावाची परत आलेली पत्रे

सत्याहत्तर सालच्या हिवाळ्यात मी साताऱ्याहून वर्ध्याला निघालो, तेव्हा माझ्या पिशवीत कपड्यांपेक्षा पत्रे अधिक होती. माझा धाकटा भाऊ मधुकर वडनेरकडच्या एका मिशन दवाखान्यात कंपाउंडर होता. बाप्तिस्मा घेतल्याचे त्याने नऊ वर्षांपूर्वी कळवले. धर्म बदलला की नाव बदलते आणि जुना माणूस कागदोपत्री संपतो, हे मी गृहीतच धरले. माझा एक पक्षकार असाच पीटर झाला होता. म्हणून संतापाने मी लिफाफ्यावर 'पीटर, कंपाउंडर' असे लिहू लागलो. प्रत्येक रजिस्टर पत्र 'या नावाचा इसम येथे नाही' या शेऱ्यासह परत आले. मिशनने माझा भाऊ दडवला, असे मी कलेक्टरांपासून वृत्तपत्रांपर्यंत सर्वांना लेखी कळवले. तिथल्या पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) मात्र एक ओळही लिहिली नाही. प्रतिपक्षाशी परस्पर पत्रव्यवहार करू नये, हा वकिलीतला माझा नियम. आता माझे छातीचे दुखणे वाढले होते. एकदा भाऊ डोळ्यांनी दिसावा, एवढेच उरले होते.

वर्ध्याहून हिंगणघाटची एस.टी. दीड तास उशिरा सुटली. तक्रारवहीत मी तशी नोंद केली. हिंगणघाटला कापसाच्या बंड्यांनी (बैलगाड्यांनी) रस्ता अडवला होता. पुढच्या गाडीत एका खड्ड्यात माझी पिशवी उलटली आणि पत्रे सर्वत्र पसरली. शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने ती गोळा करून दिली.

"पोस्टात हाय का जी तुम्ही?"

"वकील आहे. वडनेरच्या पीटरला भेटायचे आहे."

"पीटर?" त्याने लिफाफा उलटासुलटा करून पाहिला. "जलम गेला माहा वडनेरात. पीटर नाई जी तिथी कोणी."

त्यानंतर तो कापसाच्या भावाविषयी बोलत होता. मी ऐकत नव्हतो. इतक्या दूर येऊन आपल्याला भाऊ नव्हे, त्याची कबर पाहावी लागणार, असे मला वाटू लागले.

दवाखाना फाट्यापासून मैलभर, तुरीच्या शेतांमागे. व्हरांड्यात रोगी आपापल्या बाटल्या घेऊन बसले होते. एका टोकाला धोतर नेसलेले वृद्ध पाळक सोले (तुरीचे ओले दाणे) काढत होते. घरून लिहून आणलेली नोटीस मी खोकत खोकत उभ्यानेच त्यांना वाचून दाखवली.

"तुमच्याच शिकवणुकीप्रमाणे बाप्तिस्म्यात जुना मनुष्य मरतो. तेव्हा माझा भाऊ मृत आहे की हयात, हे मला लेखी द्या."

"बसा त खरं, वकीलसाहेब. उभ्यानं वाचली म्हणून नोटीस जास्त लागू नाई होत."

मी बसलो नाही.

"मरते ते पाप," ते म्हणाले. "माणूस काऊन (का) मरन? देवानं माणसाले आपल्या प्रतिरूपात घडवलं. ते रूप आमच्या पाण्यानं येत नाई अन् जात बी नाई. तुमच्यात बी हाय ते, रागात हाय तरी." त्यांनी रोग्यांकडे बोट केले. "त्या बाटल्या आम्ही धुतो. धुतली म्हणून बाटली दुसऱ्याची होते का?"

"परंतु नाव बदलता ना?"

उत्तरादाखल त्यांनी आतून बाप्तिस्म्याची नोंदवही आणली. मधुकरचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. एक अक्षर बदललेले नव्हते.

"मायनं ज्या नावानं हाक मारली, त्याच नावानं देव वळखते. आम्ही कोण बदलवणार?"

या नामांतराची सूचना मी नऊ वर्षे राजपत्रात शोधली होती, आणि ती न सापडल्याबद्दलही तक्रार केली होती.

इतक्यात औषधाच्या खोलीचे दार उघडले. "दादा, तूच खोकून राह्यला ना? मी आतूनच म्हटलं, हा त बाबांचा खोकला."

केस पिकले होते. बोली पुरती वऱ्हाडी झाली होती; 'दादा' तेवढा साताऱ्याचा राहिला होता. मी बसलो.

त्याने लिफाफे चाळले. "हा पीटर कोण?"

"तू."

तो हसत सुटला. "अरे, पोस्टमन सायकलवरूनच ओरडे, पीटर हाय का म्हणून. मीच आतून सांगत होतो, या नावाचा इसम नाई इथं." मग त्याचे हसू थांबले. "मले वाटलं, तू मले टाकलं."

मिशनच्या घरी पाणीही घ्यायचे नाही, असे ठरवून मी निघालो होतो. सोल्यांच्या आमटीबरोबर दोन भाकरी खाल्ल्या आणि तिसरी मागितली.

निघताना मधुकरने खोकल्याचे औषध दिले. त्या दवाखान्यात बाटलीवर रोग्याचे संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासह, लिहिण्याची पद्धत आहे. नुसता क्रमांक पाळकांना चालत नाही. माझ्या बाटलीवरही तसेच लिहिले होते. वडिलांचे नाव त्याच्या अक्षरात वाचताना मला चष्मा काढावा लागला.

त्यांचा धर्म मला पटला, असे नाही. दोन मुद्द्यांवर माझी हरकत अद्याप कायम आहे आणि ती मी पाळकांना थेट कळवणार आहे. परंतु भावाचे नाव ज्याने पुसले, त्याचा पत्ता मला सापडला होता, आणि तो साताऱ्याचा होता. त्या शोधाने लाज वाटायला हवी होती. वाटले ते इतके हलके, की परतीच्या गाडीत मी वर्ध्यापासून भुसावळपर्यंत झोपलो.

भुसावळला उतरून पोस्टकार्ड घेतले. 'सुखरूप आहे. औषध लागू पडत आहे.' पत्त्याच्या बाजूला मधुकरचे नाव, वडिलांचे नाव आणि आमचे आडनाव लिहिले. रजिस्टर केले नाही.