खालचा सूर

माझ्या थोरल्या मेहुण्यांइतका मानाला जपणारा माणूस सिंगापूर बेटावर दुसरा झाला नसेल. पंगतीत मीठ आधी कुणाच्या पानात पडलं, फोटोत मधोमध कोण उभं होतं, विमानतळावर घ्यायला कोण आलं आणि कोण नुसतंच फोनवर बोललं, याचा हिशेब त्यांच्या डोक्यात कायम तयार असे. अशा माणसाने गळ्यात गिटार अडकवून, डोक्यावर रुंद काठाची हॅट घालून गोऱ्या खलाशांपुढे गावं आणि तेही आपल्या सख्ख्या साडूबरोबर गावं, हे मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर माझाही विश्वास बसला नसता.

मेहुणे बोटीवर चीफ इंजिनियर होते. पुढे किनाऱ्यावरची नोकरी घेऊन सेम्बावांगला स्थिरावले आणि शिकायला आलेला मी त्यांच्याच फ्लॅटमध्ये मुक्कामाला होतो. बाकीचे लोक बोटीवरून परफ्यूम आणि टेपरेकॉर्डर आणतात, यांनी टेक्ससच्या कुठल्याशा बंदरातून कंट्री गाण्यांच्या कॅसेटी आणि ती हॅट आणली. हॅट चेपू नये म्हणून ते ती थोरल्या ताईच्या जुन्या कुकरच्या खोक्यात घालून एम.आर.टी.ने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, हिंडत. घरी मात्र बनियन, लुंगी आणि हॅट असा थाट. त्यांची लेक दाराशी हात जोडून उभी राहायची, "बाबा, प्लीज, लिफ्टमध्ये हॅट नको लाह! माय फ्रेंड्स ऑल सी!" मेहुणे हॅट काढायचे नाहीत, जिन्याने उतरायचे. कंट्री संगीत हे मुळात आपलंच, असं त्यांचं ठाम मत होतं. "अरे, गाव सुटलं, आई आठवली, प्रेम फसलं आणि ट्रक बंद पडला. ट्रकच्या जागी बैलगाडी घाल, झालं आपलं गाणं," असं ते मला समजावत आणि गिटारच्या खुंट्या एखादा व्हॉल्व्ह बसवावा तशा निगुतीने पिळत.

माझे धाकटे मेहुणे म्हणजे धाकट्या ताईचे यजमान बुकित बातोकला राहायचे. विद्यापीठात संशोधन करायचे. शिडशिडीत, विसरभोळे, एका पायात वेगळा मोजा घालणारे. या दोन साडूंमध्ये अबोला होता आणि त्याला कारण होते अनारसे. अधिक महिन्यात आमची आई जावयांना वाण द्यायला मुद्दाम डबे घेऊन सिंगापूरला आली होती. स्वयंपाकघराच्या दाराशी धाकटे बसले होते, म्हणून तिने पहिलं ताट त्यांच्या हातात दिलं. थोरल्यांनी आपल्या ताटातले सगळे अनारसे संपवले, सासूबाईंना वाकून नमस्कार केला आणि त्या दिवसापासून साडूशी एक शब्द बोलले नाहीत. आपल्याशी कुणी बोलत नाही हे धाकट्यांच्या लक्षात यायलाच काही महिने गेले. मग त्यांनीही, भांडण नको म्हणून, बोलणं थांबवलं. दर रविवारी सगळे एकत्र जेवायचे आणि समोरासमोर बसून हे दोघे ताईमार्फत आमटी मागायचे.

जोडी जमली ती गणपतीत. मंडळाच्या कार्यक्रमात थोरले एकटेच गिटार घेऊन उभे राहिले. दोन ओळी झाल्या असतील नसतील, तोच प्रेक्षकांतून कुणीतरी हलकेच दुसरा सूर लावला. धाकटे होते. कॉलेजच्या हॉस्टेलवर ते असलीच गाणी म्हणत आले होते, त्यांना आपण गातोय याचंही भान नव्हतं. थोरले थांबले. पहिल्या रांगेत बसलेल्या ताईला माइकवरून म्हणाले, "यांना सांग, वर येऊन गा म्हणावं. खाली बसून चोरून गाणं बरं दिसत नाही." धाकटे चप्पल शोधण्यात थोडा वेळ घालवून वर गेले, आणि गणपतीपुढे त्या दिवशी टेक्ससच्या माळरानावरचं दुःख दोन आवाजांत गायलं गेलं. नंतरच्या आरतीला सगळ्यांचा आवाज जरा ओलाच होता.

पुढे रविवारची तालीम सुरू झाली. अबोला मात्र मोडला नाही. मधल्या दारात ताई भाजी निवडत बसायची आणि निरोप पोचवायची. "यांना सांग, दुसऱ्या कडव्यात श्वास चोरतात." "त्यांना म्हणावं, गिटार अर्धा सूर उतरलीय." ताई वैतागून म्हणायची, "दोघांना कान आहेत ना? मग मला कशाला मध्ये घालता?" पण ती उठून गेली की तालीम बंद पडायची. सेम्बावांगच्या खलाशांच्या क्लबात पहिलं बोलावणं आलं. तिथे जाहिरातीत कुणाचं नाव आधी, हा प्रश्न आला तेव्हा तीन रविवार फुकट गेले. शेवटी मीच तोडगा काढला आणि फळ्यावर नाव लागलं, 'द टू साडूज'. साडू हे टेक्ससमधलं एखादं गाव असावं अशी श्रोत्यांची समजूत झाली. थोरले दर कार्यक्रमात खुलासा करायचे, "वी आर नॉट ब्रदर्स. अवर वाइव्ज आर सिस्टर्स. दिस इज मच मोअर सीरियस." खलाशी टेबलं बडवून दाद द्यायचे. मग एका स्टेकच्या हॉटेलात शुक्रवारी गाणं ठरलं. थोरले शुद्ध शाकाहारी. धूर आणि मांसाचा वास चुकवायला ते तोंड सतत छताकडे करून गात, आणि लोकांना ती तल्लीनता वाटे.

हे सगळं चाललं होतं ते मात्र थोरल्यांच्या अटीवर. मुख्य चाल थोरल्या साडूची, खालचा साथीचा सूर धाकट्याचा. खरं तर थोरल्यांचा आवाज खर्जाचा आणि धाकट्यांचा मोकळा, वर सहज जाणारा. हे घरातल्या सगळ्यांना कळत होतं, पण बोलणार कोण? ते बोलली नदीकाठच्या एका मोठ्या हॉटेलची मॅनेजरबाई. शनिवारचा कार्यक्रम कायमचा द्यायचा म्हणून ती ऐकायला आली होती. शनिवारी, त्या दिव्यांत, त्या मंचावर गावं, ही थोरल्यांच्या आयुष्यातली एकमेव हौस उरली होती. बाईने दोन गाणी ऐकली आणि हसून म्हणाली, "अंकल, यू सिंग बिलो. दिस थिन वन सिंग अबाव्ह. देन कॅन. लाइक दिस, कॅनॉट." थोरले तडक घरी आले. हॅटचं खोकं त्यांनी माळ्यावर टाकलं. त्या आठवड्यात कुणी शीळसुद्धा घातली नाही.

योगायोग असा की तेव्हा पुन्हा अधिक महिना होता. आईला प्रवास झेपत नव्हता, तिने कुणाबरोबर तरी अनारसे पाठवले होते. रविवारी पानं मांडली. ताईने जपून, सगळ्यांना दिसेल असं, पहिलं ताट थोरल्यांच्या पुढे ठेवलं. मग त्यांनी ते दोन्ही हातांनी उचलून टेबलापलीकडे साडूसमोर ठेवलं आणि ताईला म्हणाले, "यांना सांग, वरचा सूर ज्याचा, पहिलं ताट त्याचं." ताईला सांगता आलं नाही, ती पदर डोळ्यांना लावून आत गेली. धाकट्यांनी एक अनारसा तोंडात घातला आणि भरल्या डोळ्यांनी म्हणाले, "चांगले खुसखुशीत झालेत." मला त्या दोघांचा इतका अभिमान वाटला की जेवण गेलं नाही.

नदीकाठचे ते शनिवार ज्यांनी ऐकले ते अजून बोलतात. वर धाकट्यांचा आवाज निघायचा आणि थोरले त्याच्याखाली जमीन घालत जायचे. वर्तमानपत्रात फोटो आला, टीव्हीवर एकदा बोलावणं झालं. फोटोत मधोमध धाकटे होते, थोरल्यांनीच त्यांना तिथे ढकललं होतं, अर्थात न बोलता.

मग धाकट्यांना पुण्यात चांगली नोकरी मिळाली. चांगी विमानतळावर सगळे पोचवायला गेलो. थोरले हॅट घालून आले होते. ताई सवयीने दोघांच्या मध्ये उभी राहिली, तर त्यांनी तिला हाताने बाजूला केलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा साडूकडे बघून बोलले, "दुसऱ्या कडव्यात श्वास चोरू नका." धाकट्यांनी वाकून त्यांच्या पायाला हात लावला.

मॅनेजरबाईने एकट्याने गाण्याबद्दल विचारलं तेव्हा थोरले म्हणाले, "कॅनॉट." आता मी सिंगापूरला गेलो की संध्याकाळी ते गॅलरीत गिटार घेऊन बसलेले दिसतात आणि गातात फक्त खालचा सूर. ऐकणाऱ्याला ते धड गाणंच वाटत नाही. नव्याने राहायला आलेल्या चिनी शेजाऱ्याने मला हळूच विचारलं, "युअर अंकल आह, व्हाय ऑलवेज सिंग हाफ साँग?" गेल्या खेपेला न राहवून मी म्हणालो, "भावोजी, आता मुख्य चाल तुम्हीच म्हणा की. कोण अडवतंय?"

त्यांनी हॅट जरा मागे सारली. "ती जागा त्यांची आहे," ते म्हणाले आणि पुन्हा गाऊ लागले. मी त्यांच्या शेजारी बसून राहिलो. वरचा सूर मला तोंडपाठ होता, पण मीही तो म्हटला नाही.