मागात सोडलेली टोके

आरमोरीच्या विणकर आळीत सुगंधाबाईंच्या घराला अजून 'रामाजीचे घर' म्हणतात. बाईंचे यजमान रामाजी वारले तेव्हा मागावर कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, शाल अर्धी विणून झाली होती. ती तशीच राहिली. विणकर सोसायटीच्या कामासाठी माझे त्या आळीत जाणे असते.

कोशाच्या कापडाला दोन माणसे लागतात. शिजवलेले कोश पुढ्यात घेऊन बाई मांडीवर तार वळते. ती आडवी, बाण्याला जाते. उभा ताणा मागावर चढवून पुरुष विणतो. वीण साधीच, एक तार वर, एक खाली. फरक हाताचा. बाणा ठोकणारी फणी हलकी मारली तर उपरण्याचे विरळ कापड, जोरात मारली तर जाकिटाचे घट्ट. रामाजींचा हात मधला, शालीचा.

मुलगा प्रफुल ऊर्जानगरला वीज केंद्रात नोकरीत आहे. "माग विकून टाक, आई. क्वार्टरवर ये," असे तो दर खेपेला म्हणे. बाई म्हणत, "कापड उतरू दे, मग पाहू."

त्या घरात बायका मागावर बसत नसत. शेवटी शाल पुरी करायला बाईंनी शेजारच्या गुणवंतरावांना बोलावले.

"हळू मारा, भाऊ! शाल आहे, ताडपत्री नाई."

"बाई, रामाजीचा हात कुठून आणू? बजारात भेटते का?"

"भेटत असता तं तुमाले कायले बोलावलं असतं?"

दोघेही हसले. त्या घरात बऱ्याच दिवसांनी माग वाजत होता आणि त्यावरून मोठ्याने बोलावे लागत होते.

शाल पुरी झाली. रामाजी जिथे थांबले होते तिथे आडवी रेघ दिसत होती. पुढची वीण गच्च. बाईंनी रेघेवरून बोट फिरवले.

कापड उतरवताना ताण्याची वीतभर टोके मागातच सोडतात. नवा ताणा त्या टोकांना एकेक तार गाठून पुढे ओढता येतो. टोके काढून टाकली की माग विकायलाच मोकळा. गुणवंतरावांनी कात्री धरली.

"ठेवू का काढू, बाई?"

बाई मागाकडे पाहत राहिल्या. त्यांना न्यायला आलेला प्रफुल दारात उभा होता.

"ठेवा."

"काऊन? विणणार कोन?"

"कोनीच नाई. तरी ठेवा."

प्रफुल शाल घेऊन एकटाच परत गेला.

आता बाई गुणवंतरावांच्या मागासाठी तार वळतात. त्या कामाला आवाज नसतो. दारातून हाक मारावी तेव्हा कळते, घरात माणूस आहे. ती तार गुणवंतरावांकडे पोचवायला मी निघालो की म्हणतात, "बसा न भाऊ, लई घाई आहे का?"

मी बसतो. बाई पुढचा कोश हाती घेतात.