तीन पायांची कोल्हीण

कॅमेऱ्याच्या चामडी पाकिटाचा वास आला की मला भिलाईतलं आमचं पहिलं क्वार्टर आठवतं. कारखान्याचं बांधकाम चाललं होतं. पावसाळ्यात माझं पोटातलं मूल गेलं होतं. नवरा त्याबद्दल एक शब्द बोलत नसे, सुट्टी मिळाली की जवळच्या कोहका गावच्या माळावर एका कोल्हिणीचे फोटो काढायला जाई. फासात तिचा पुढचा पाय तुटला होता. घरात तिचे सात फोटो, माझा एकही नाही. एका दुपारी मी जळफळून कॅमेरा उघडला आणि आतला रोल उन्हात धरला. संध्याकाळी त्यानं विचारलं, "कावून केलं असं?" मी म्हणाले, "तुमाले तिच्याशिवाय कोनी दिसूनच नाही राहिलं." पुढच्या रविवारी तो मलाही घेऊन गेला. झुडपाआडून पाहिलं, तर ती तोंडात उंदीर धरून लंगडत आली आणि बिळातून दोन पिल्लं तिच्याकडे धावली. मला रडू कोसळलं. तो हळूच म्हणाला, "मले बी इथंच रडू येते." आज तो नाही, पण त्या कोल्हिणीचा हेवा अजून वाटतो, त्याचं रडणं माझ्याआधी तिनं पाहिलं होतं.