मारव्यातला सत्कार

आमच्या संगीत मंडळाचा म्हणे इतिहास! आज छापून घरी आला. नव्या शाईच्या वासात एक जुना फोटो दिसला आणि ती संध्याकाळ आठवली. गायिकाबाईंचा तिन्हीसांजेचा राग मारवा नुकता रंगला होता. तेवढ्यात साखर कारखान्याचे चेअरमन उगवले. मंडळाच्या सेक्रेटरीनं बाईंसमोरचा माइक ओढला, "बाई, थांबा की जरा! सायेब आल्यात."

फेटा, शाल, नारळ, भाषण होईस्तोवर मारव्याची वेळ टळली. सत्कार उरकताच साहेबही गेले. बाई तंबोरा जुळवत राहिल्या.

फोटोखाली छापलंय, 'अविस्मरणीय क्षण', पुढं साहेबांचं नाव. बाईंचं नावसुद्धा नाही. फेट्यामागं तंबोऱ्याचा शेंडा तेवढा दिसतो. आणि तो फेटा बांधताना दात काढून हसणारा लाळघोट्या मीच आहे.